सातबारा मॉरिशसचा, ताबा इंग्रजांचा, वहिवाट अमेरिकेची

लालबागची_चाळ (२३ मे २०२५, सकाळी ९.४०)

आमचं घर पागडीचं. जागा मालकाची, राहणार आम्ही, आणि भाडं इतकं किरकोळ की मालकाचा माणूस पावती फाडायलाही कंटाळतो. त्यामुळे ब्रिटन आणि मॉरिशसने काल चागोस बेटांच्या करारावर सह्या केल्याची बातमी वाचली तेव्हा डोक्यात पहिलं हेच आलं: अरे, ही तर पागडी!

मला कळलं ते असं. मालदीवच्या दक्षिणेला पाचेकशे किलोमीटरवर साठेक बेटांचा पुंजका आहे. त्यातलं सगळ्यात मोठं दिएगो गार्सिया, त्याच्यावर अमेरिकेचा लष्करी तळ. करारानुसार सगळ्या बेटांची मालकी मॉरिशसची, पण दिएगो गार्सियाचा कारभार ९९ वर्षं ब्रिटनकडेच, आणि तळ अमेरिकाच वापरणार. त्याबद्दल ब्रिटन पहिली ३ वर्षं दरसाल १६.५ कोटी पौंड देणार, पुढची १० वर्षं १२ कोटी, मग महागाईच्या हिशेबाने.

माझे प्रश्न साधे आहेत. मुळात बेटं कोणाची होती? ज्याच्याकडे ताबा होता तोच आता भाडं का देतोय? आणि तिसरा, माझ्या चाळकरी मेंदूला छळणारा: खरा वापर अमेरिकेचा, तर अमेरिका किती भाडं देते?

जाणकारांनी उजेड पाडावा.

बोरकूट (२३ मे, ९.५२)

९९ वर्षांनी पुनर्विकास होऊन मॉरिशसला टू बीएचके मिळणार का? (हलके घ्या)

निवृत्त_तलाठी (२३ मे, ११.०५)

चाळकर, पागडीची उपमा चुकली. पागडीत भाडेकरू सुरुवातीला घसघशीत रक्कम देतो आणि मग पिढ्यान् पिढ्या नाममात्र भाड्यावर राहतो. इथे आधी साठ वर्षं फुकट राहून मग भाडं सुरू झालंय. हे प्रकरण माझ्या खात्यातलं आहे, जरा विस्ताराने लिहितो.

१८१० मध्ये इंग्रजांनी मॉरिशस फ्रेंचांकडून जिंकलं. १८१४ च्या पॅरिस तहात मॉरिशस आणि त्याच्या ताब्यातली बेटं रीतसर ब्रिटनकडे आली. चागोस त्यातच होतं, म्हणजे एकाच गटातला तुकडा. पुढे दीडशे वर्षं चागोसचा कारभार मॉरिशसमधूनच चालला. तोपर्यंत वाद नाही.

१९६५ मध्ये मॉरिशस स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होतं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ब्रिटनने चागोसचा पोटहिस्सा पाडला, सेशेल्सकडचे अल्दाब्रा, फार्कार आणि देरोश हे तुकडे त्याला जोडले, आणि ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी कोरी वसाहत काढली. जगभर वसाहती मोडीत निघत होत्या तेव्हा! मॉरिशसला मोबदला ३० लाख पौंड.

आता सातबारा वाचता येणाऱ्यांसाठी. जुन्या उताऱ्यांवर ‘अ.पा.क.’ असा शेरा असतो. अज्ञान पालनकर्ता. खातेदार अज्ञान, म्हणजे वयात न आलेला आहे, म्हणून त्याच्या वतीने सही पालनकर्त्याची. १९६५ ला मॉरिशस अज्ञान खातेदार होतं आणि पालनकर्ता ब्रिटन. पालनकर्त्याने अज्ञानाच्या जमिनीचा तुकडा स्वतःच्याच नावावर चढवला आणि वर म्हणाला, मुलाची संमती होती. असला फेरफार मी तरी मंजूर केला नसता.

मुद्देसूद (२३ मे, १२.२०)

तलाठीकाका, दंडवत! आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २५ फेब्रुवारी २०१९ ला जे सांगितलं त्याचं इतकं आटोपशीर मराठीकरण मी पाहिलं नव्हतं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात हेच: जो प्रदेश दुसऱ्याच्या अमलाखाली आहे त्याची संमती मोकळ्या मनाने दिलेली धरता येत नाही. त्यामुळे मॉरिशसचं स्वातंत्र्य कायदेशीरपणे पूर्ण झालेलंच नव्हतं, आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर तिथला कारभार आटोपावा. १३ विरुद्ध १ न्यायाधीश. विरोधातलं एकमेव मत अमेरिकी न्यायाधीशांचं.

मात्र एक खुलासा. हा ‘सल्ला’ होता, निकाल नव्हे. हुकूमनामा घेऊन बेलिफ जाईल अशी सोय तिथे नाही. तरी तीनच महिन्यांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी ठराव झाला. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, हंगेरी, इस्रायल आणि मालदीव हे सहा एका बाजूला. मालदीव तिथे काय करत होतं असं वाटेल. त्यांचं मॉरिशसशी सागरी हद्दीचं भांडण होतं.

सह्याद्रीचा_वारा (२३ मे, १.१५)

सगळं ठीक, पण मूळ मुद्दा सुटतोय. हिंदी महासागर आपला. नाव बघा. आणि त्यात कारभार कोण करणार हे लंडन आणि पोर्ट लुई ठरवणार? उद्या मॉरिशसने बाकीची बेटं चीनला दिली म्हणजे? आपण कच्चथीवू बेटही असंच श्रीलंकेला सोडून दिलं.

बोरकूट (२३ मे, १.१९)

पहिल्या दहा प्रतिसादांत कच्चथीवू. पैज जिंकलो. कोणीतरी वडापाव द्या.

मुद्देसूद (२३ मे, १.४०)

वारासाहेब, बाकीच्या बेटांवर परक्या सैन्याला बंदी करारातच आहे. दिएगो गार्सियाभोवती २४ सागरी मैलांचा पट्टा आहे, त्यात ब्रिटनच्या संमतीशिवाय काही बांधता येणार नाही. आणि भारत बाजूला बसून बघत नव्हता. आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या २०१८ च्या सुनावणीत आपण मॉरिशसच्या बाजूने उभे राहिलो, आमसभेत मत दिलं. गेल्या ऑक्टोबरच्या ब्रिटन-मॉरिशस संयुक्त निवेदनात तर अमेरिकेबरोबर भारताचे आभारच मानलेत.

सह्याद्रीचा_वारा (२३ मे, १.५२)

आभाराने पोट भरत नाही.

सागरगोटे (२३ मे, ४.३०)

भाडेपट्ट्यावर बेटं देण्याघेण्यात इंग्रज मुरलेले आहेत. मुरले ते आपल्या मुंबईत.

१६६१ चा तह सगळ्यांना शाळेत ‘आंदण’ म्हणून शिकवलेला असतो. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन, दुसरा चार्ल्स, आणि आहेरात मुंबई. पण ‘मुंबई’ म्हणजे नेमकं काय, यावर पुढे जे रामायण झालं ते फार मजेचं आहे. इंग्रजांना वाटलं, साष्टीसकट सगळं मिळालं. पोर्तुगीज म्हणाले, छे, फक्त मुंबईचं एक बेट. १६६२ साली सर अब्राहम शिपमन शिपाई घेऊन ताबा घ्यायला आला तर गोव्याच्या व्हाइसरॉयने कागदपत्रांत खोडी काढून ताबाच दिला नाही. बिचारा कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला. ताप आणि उपासमारीने त्याचे बहुतेक शिपाई तिथेच मेले, १६६४ मध्ये तोही गेला. शेवटी त्याचा चिटणीस हम्फ्री कूक याने जाचक अटी मान्य करून १६६५ च्या फेब्रुवारीत ताबा घेतला, आणि मग अटी गुंडाळून माहीमही गिळलं.

आता गंमत बघा. राजाला हे बेट परवडेना. १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, वर्षाला १० पौंड भाड्याने. मालकी राजाची, कारभार कंपनीचा. दिएगो गार्सियाचा कच्चा मसुदा तिथेच तयार होता असं म्हणायला हरकत नाही.

लालबागची_चाळ (२३ मे, ४.४१)

१० पौंड! आमच्या मालकाला दाखवू नका. सागरगोटेताई, वाचनखूण साठवली. पण माझा तिसरा प्रश्न अजून तसाच आहे हो.

तांडेल (२३ मे, रात्री १०.१०)

व्यापारी जहाजावर बावीस वर्षं काढली. वसाहतींच्या बेटांचा विषय निघालाच आहे तर पॅसिफिकमधला किस्सा सांगतो. वानुआतूला गेलो होतो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या पायलटने सांगितलेला, नंतर वाचून पडताळला.

वानुआतू आधी न्यू हेब्रिडीज. इंग्रज आणि फ्रेंच दोघांनाही हवं होतं, सोडायचं कोणालाच नव्हतं. मग १९०६ मध्ये दोघांनी मिळून राज्य करायचं ठरवलं. मिळून म्हणजे सगळंच डबल! पोलिस दोन, तुरुंग दोन, शाळा दोन तऱ्हेच्या, कायदे दोन. बाहेरून येणाऱ्या माणसाने आपल्याला कोणाचा कायदा लागू करायचा ते निवडायचं. तुरुंगातलं जेवण फ्रेंचांकडे बरं मिळायचं म्हणे, त्यामुळे गुन्हा करायच्या आधी विचार करावा लागत असेल. दोघांच्या वरती एक संयुक्त न्यायालय, आणि त्याचा अध्यक्ष निःपक्षपाती हवा म्हणून नेमला स्पेनच्या राजाने! त्याला इंग्रजी बेताचंच यायचं, फ्रेंचही यथातथा, आणि ऐकूही कमी यायचं अशी दंतकथा आहे.

या सगळ्यात तिथल्या मूळ माणसाला मात्र ना ब्रिटिश नागरिकत्व, ना फ्रेंच. स्वतःच्या बेटावर बिनकागदाचा. १९८० मध्ये स्वतंत्र झाले तेव्हा सुटले.

पिंट्या_शेठ (२३ मे, १०.२२)

दोन भावांनी एका स्वयंपाकघराचे दोन ओटे केले त्यातली गत.

क्रॉलीकर (२४ मे, पहाटे २.०५)

इथे सगळे मालक, कूळ, पोटकूळ यांचं बोलताय. घरात राहणाऱ्यांचं कोणीच बोललं नाही, म्हणून झोप मोडून लिहिते.

मी क्रॉलीत राहते, गॅटविक विमानतळाला लागून. ब्रिटनमधले बरेचसे चागोशियन याच गावात आहेत. विमानतळावर उतरून जवळात जवळ जिथे सोय झाली तिथे राहिले. आमच्या समोरच्या घरात एक आजी आहेत, चागोसमधल्या पेरोस बान्योस बेटावर जन्मलेल्या. ‘चागोशियन’ म्हणजे कोण हे मला त्यांच्यामुळे कळलं. फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर, मोझांबिककडून आणलेले गुलाम, नंतर हिंदुस्थानातून आलेले मजूर, यांची पाच-सहा पिढ्यांची वस्ती. नारळाच्या बागा, खोबरं वाळवायचं, बोटीवर चढवायचं. भाषा क्रिऑल. आजी आमटीसारखं काहीतरी करतात, नारळाच्या दुधातलं. माझ्या सोलकढीला त्यांनी नाक मुरडलं होतं, ते सोडा.

१९६७ ते १९७३ या काळात या दीड-दोन हजार लोकांना तिथून काढलं. आधी उपचारासाठी मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली. मग बेटावर रसद कमी केली. मग दिएगो गार्सियावरची कुत्री पकडून खोबरं वाळवायच्या भट्टीत धुराने मारली, लोकांच्या डोळ्यांदेखत. मग माणसांना बोटीत कोंबून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यावर उतरवलं. एक पेटी आणि गादी. आजी तेव्हा नऊ वर्षांच्या.

हे करताना कागदावर काय लिहिलं होतं? ही कायमची वस्ती नाही, कंत्राटी मजूर आहेत. कारण कायमची वस्ती आहे म्हटलं की संयुक्त राष्ट्रांना दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. १९६६ च्या एका सरकारी टिपणात या लोकांचा उल्लेख ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ असा आहे.

निवृत्त_तलाठी (२४ मे, सकाळी ८.३०)

ताई, मान खाली गेली. मी कालपासून उताऱ्यावरचे रकाने मोजत बसलो होतो, आणि जमिनीवर माणसं होती हे लिहायलाच विसरलो. आमच्या खात्याचा जुना आजार आहे हा.

बुडीत_गाव (२४ मे, ९.१२)

आमचं गाव धरणाखाली गेलं, वडील तेव्हा शाळेत होते. क्रॉलीकर, तुमचं ‘एक पेटी’ वाचून थांबलो. आमच्या आजीने जातं नेलं होतं. गाडीवानाने ओझं जास्त झालं म्हणून अर्ध्या वाटेत उतरवलं. पर्यायी जमिनीचा अर्ज एका कचेरीत तिसऱ्या पिढीच्या नावावर चालू आहे, आम्ही आता त्याला वारसाहक्कच म्हणतो.

मला एवढंच विचारायचंय: या करारात त्या लोकांना काय मिळालं?

क्रॉलीकर (२४ मे, दुपारी १२.५०)

दादा, उत्तर देते. ब्रिटन ४ कोटी पौंडांचा एक निधी देणार आहे, तो मॉरिशसच्या हाती राहील. बाकीच्या बेटांवर पुन्हा वस्ती करायची मोकळीक मॉरिशसला आहे. दिएगो गार्सियावर नाही.

आणि वाटाघाटींच्या टेबलावर ते नव्हतेच. दोन सरकारं बोलली. परवा सह्यांच्या दिवशी इथे जे नाट्य झालं ते कळलं असेलच. दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांनी रात्री न्यायालयात धाव घेतली, पहाटे अडीचच्या सुमाराला मनाई हुकूम मिळाला, दुपारी दुसऱ्या न्यायाधीशांनी उठवला आणि मग सह्या झाल्या.

पण सगळे चागोशियन विरोधात आहेत असंही समजू नका. मॉरिशसमधल्या ऑलिव्हिए बाँकूल यांच्या संघटनेला करार हवा आहे. २००० साली लंडनच्या हायकोर्टात परतीच्या हक्काचा दावा जिंकलेले हेच गृहस्थ. २००४ मध्ये सरकारने राणीच्या नावाने हुकूम काढून तो निकाल फिरवला आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ३ विरुद्ध २ मतांनी ते हरले. समोरच्या आजी मात्र म्हणतात, मॉरिशसने आम्हाला झोपडपट्टीत ठेवलं, त्यांच्या हाती कशाला देता? आजींचा मुलगा म्हणतो, कोणाच्याही हाती द्या पण आईला एकदा घरी जाऊ द्या. एकाच घरात दोन पक्ष.

मोकावाला (२४ मे, ३.३५)

नमस्कार, मी सहा वर्षं मॉरिशसमध्ये नोकरीला आहे. क्रॉलीकरांनी लिहिलंय त्यात तथ्य आहे. चागोसहून आलेल्या लोकांना इथे ‘इलवा’, म्हणजे बेटवाले, म्हणून हिणवलं गेलं. काम नाही, घर नाही. १९७२ मध्ये ब्रिटनने पुनर्वसनासाठी मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले, ते या लोकांच्या हाती पडायला पाच-सहा वर्षं गेली. तोवर महागाईने त्याचं पाणी झालं होतं.

इथल्या मराठी मंडळींबद्दलही सांगतो, कारण विषय कुठेतरी जुळतो. रत्नागिरी, सावंतवाडीकडून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर आलेल्यांचे हे वंशज. घरात बोलतात क्रिऑल, आरती म्हणतात मराठीत. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुट्टी असते. अनेकांची आडनावं म्हणजे पणजोबांचं पहिलं नाव, मळ्याच्या वहीत कारकुनाने लिहिलं तसं. कास्कावेलच्या एका काकांना मी चागोसबद्दल विचारलं. म्हणाले, ‘आमचे पूर्वज करारावर आले आणि आमचं बेट झालं. त्यांचेही करारावर आले, पण त्यांना करारावरचे मजूर म्हणून हाकललं.’ काकांचं हे वाक्य क्रिऑलमध्ये फार टोकदार होतं, माझं मराठी त्यापुढे बोथट आहे.

पोस्टाचे_तिकीट (२४ मे, ५.००)

अवांतर: माझ्याकडे त्या ब्रिटिश प्रदेशाची तिकिटं आहेत, माशांची सुंदर चित्रं. २०२१ मध्ये जागतिक टपाल संघटनेने ती मान्य करणं बंद केलं. भाव वाढेल म्हणून जपून ठेवली आहेत.

संगणक_कारकून (२४ मे, ५.१४)

आणि .आयओ? ते त्याच प्रदेशाचं इंटरनेटवरचं अक्षर आहे. आमच्या पुण्यातल्या निम्म्या स्टार्टअपच्या पत्त्यात ते असतं. ज्या प्रदेशाला एकही मतदार नाही त्याच्या नावावर एवढी दुकानं!

सह्याद्रीचा_वारा (२४ मे, ६.४०)

बुडीत_गाव आणि क्रॉलीकर यांचं वाचून मी जरा शांत झालोय. पण एक प्रामाणिक प्रश्न. १९६५ ला मॉरिशसच्या नेत्यांनी होकार दिलाच कसा?

मुद्देसूद (२४ मे, ७.२५)

हा इतिहास आता ब्रिटनच्याच दप्तरातून बाहेर आलाय. सप्टेंबर १९६५, लंडनचं लँकेस्टर हाउस. मॉरिशसच्या घटनेवर परिषद चालू. २३ तारखेला ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन आणि मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांची स्वतंत्र भेट. भेटीआधी विल्सनच्या हाती दिलेल्या टिपणात लिहिलं होतं की या माणसाला आशेनेच घाबरवायचं. आशा ही की स्वातंत्र्य मिळेल, भीती ही की चागोसबाबत शहाणपणाने वागला नाहीत तर मिळणार नाही. आता याला संमती म्हणायचं असेल तर म्हणा.

पण रामगुलाम अगदीच रिकाम्या हाताने उठले नव्हते. मासेमारीचे हक्क मॉरिशसला राहतील, तेल वा खनिज सापडलं तर फायदा मॉरिशसचा, आणि संरक्षणासाठी गरज संपली की बेटं परत, अशी आश्वासनं त्यांनी पदरात पाडून घेतली. तेव्हा ती फुंकर वाटली असतील. पण २०१० मध्ये ब्रिटनने चागोसभोवती भलंमोठं सागरी अभयारण्य जाहीर करून मासेमारी बंद केली, तेव्हा मॉरिशसने ह्याच आश्वासनांचे कागद काढून लवादाकडे दावा लावला आणि २०१५ मध्ये जिंकला. लवादाने सांगितलं, ही आश्वासनं बंधनकारक आहेत. पन्नास वर्षांपूर्वीची चिठ्ठी कामाला आली. म्हणून मी अशिलांना सांगत असते, कागद फेकू नका.

जाता जाता, परवा मॉरिशसतर्फे सही करणारे नवीन रामगुलाम हे शिवसागर यांचे चिरंजीव.

निवृत्त_तलाठी (२४ मे, ८.०२)

बापाच्या सहीचा फेरफार मुलाने दुरुस्त करून घेतला! आणि सेशेल्सचे तीन तुकडे? ते १९७६ ला सेशेल्स स्वतंत्र होताना परत दिले. कारण तिथे तळ बांधला नव्हता. जिथे विहीर खणली तोच तुकडा धरून ठेवला.

आता करारातल्या कारभाराच्या कलमाबद्दल. ते कूळ वगैरे नाहीच. सार्वभौम मॉरिशस, आणि मॉरिशसच आपल्या वतीने अधिकार वापरायला ब्रिटनला मुखत्यार नेमतंय. ९९ वर्षांचं, सहजासहजी रद्द न होणारं कुलमुखत्यारपत्र. वर दोघांची संमती असेल तर ४० वर्षांच्या मुदतवाढीची सोय. नोंदीच्या भाषेत भोगवटादार मॉरिशस, आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात एवढं मोठं ओझं की भोगवटादाराला बांधावर उभं राहायलाही विचारावं लागेल.

लालबागची_चाळ (२४ मे, ८.२०)

मंडळी, मी गर्दीत मागे उभा राहून हात वर करतोय. अमेरिका किती भाडं देते?

बोरकूट (२४ मे, ८.२१)

संपादक मंडळ, चाळकरांना खुर्ची द्या.

पिंट्या_शेठ (२५ मे, सकाळी १०.००)

वानुआतूच्या तुरुंगातल्या फ्रेंच जेवणाबद्दल अजून माहिती हवी आहे.

*(यानंतर तांडेल, पिंट्या_शेठ आणि बोरकूट यांचे जहाजावरच्या मेसबद्दलचे चौदा प्रतिसाद ‘खाणे-पिणे’ विभागात हलवले आहेत. संमं)*

मोकावाला (१२ सप्टेंबर २०२५, सकाळी ८.४५)

धागा वर काढतोय. नवीन रामगुलाम काल वाराणसीत होते. भारताने जाहीर केलेल्या मदतीत चागोसच्या सागरी संरक्षित क्षेत्राचा विकास आणि टेहळणी हाही विषय आहे. सह्याद्रीचा_वारा, तुमच्या ‘आभाराने पोट भरत नाही’ला उत्तर मिळालं म्हणायचं. मॉरिशसच्याच आगालेगा बेटावर आपण धावपट्टी आणि जेट्टी बांधून दिलीच आहे, गेल्या वर्षी २९ फेब्रुवारीला उद्घाटन झालं.

इथे आताच गणपती झाले. मिरवणुकीत चागोसचा विषय निघाला तर दोन आवाज ऐकले. एकजण म्हणाला, भाड्याच्या पैशांतून सरकारचं कर्ज फिटेल. दुसरा म्हणाला, ज्यांचं घर गेलं त्यांच्या घरभाड्यावर आपण कर्ज फेडणार.

सह्याद्रीचा_वारा (१२ सप्टेंबर, ९.३०)

मिळालं उत्तर. तरी टेहळणी म्हणजे नेमकी कोणाची आणि कोणासाठी हा प्रश्न विचारून ठेवतो. सवय.

मुद्देसूद (१२ सप्टेंबर, ११.१०)

आणि चाळकरांचा प्रश्न साडेतीन महिने अनुत्तरित आहे, याची मलाच लाज वाटली. घ्या.

३० डिसेंबर १९६६. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात पत्रांची देवाणघेवाण. तह नाही, पत्रं, म्हणजे संसदेपुढे न्यायला नको. मुदत ५० वर्षं, हरकत आली नाही तर पुढे २०. २०१६ मध्ये कोणी हरकत घेतली नाही, म्हणून ते २०३६ पर्यंत आपोआप वाढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की बेटं अमेरिकेला वापरायला मिळतील, विनामूल्य.

पण फुकट काही नसतं. ब्रिटन अमेरिकेकडून पोलारिस क्षेपणास्त्रं घेत होतं. त्यांच्या संशोधनखर्चातला ब्रिटनचा वाटा अमेरिकेने १ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत माफ केला. गुपचूप, दोन्हीकडच्या लोकप्रतिनिधींना न सांगता. बेटं रिकामी करण्याचा आणि मॉरिशसला द्यायचा खर्च त्यातून निघाला.

आणि नव्या करारात? भाडं ब्रिटन देतं. तळ चालवायचा खर्च अमेरिका करते. जागेचं भाडं म्हणून अमेरिकेचा एक डॉलरही नाही. ब्रिटिश सरकार सांगतं की सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड, आजच्या किमतीत एकूण ३.४ अब्ज. तिथला विरोधी पक्ष तीस अब्जांच्या पुढचा आकडा सांगतो. दोघांचा हिशेब वेगळ्या रीतीचा, पण बिल एकाच्याच नावावर.

लालबागची_चाळ (१२ सप्टेंबर, ११.२६)

म्हणजे पोटभाडेकरूने साठ वर्षांपूर्वी एकदा डिपॉझिटात सूट दिली आणि तेवढ्यावर तो आजही बसलाय. हीच ती पागडी! तलाठीकाका, माझी उपमा अगदीच वाया गेली नाही. फक्त मी ती चुकीच्या मजल्यावर लावली होती.

निवृत्त_तलाठी (१२ सप्टेंबर, दुपारी १२.४०)

मान्य. दुरुस्ती मंजूर.

फक्त एक नोंद. सह्या झाल्या असल्या तरी करार अजून अमलात आलेला नाही, ब्रिटनच्या संसदेत विधेयक चालू आहे. म्हणजे फेरफार पडलाय, प्रमाणित व्हायचाय. हरकतीची मुदत चालू आहे असं समजा.

बुडीत_गाव (१२ सप्टेंबर, १२.५५)

हरकत घ्यायची तर अर्ज कुठे करायचा? क्रॉलीच्या आजींसाठी विचारतोय.

क्रॉलीकर (१२ सप्टेंबर, रात्री ११.३०)

आजींना तुमचा प्रश्न वाचून दाखवला, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये. आधी धरणाचं गाव समजावून सांगावं लागलं, मग जातं. जात्यावर खूप वेळ थांबल्या. त्यांच्या आईने खोबरं किसायची खवणी नेली होती, बोटीवर कोणीतरी लाथेने सारली. अर्जाचं काही बोलल्या नाहीत. विचारलं, ते जातं नंतर कोणाला सापडलं का?